साहेबांना झेपेल असं

"चालवणार कोण? साहेब?" गवत कापायच्या मोवरवरची धूळ फडक्याने झटकत दुकानदाराने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून निसटलाच. साहेबांना जाऊन पाच महिने होत आले होते, आणि तेव्हापासून जो तो त्यांच्याविषयी आवाज खाली आणून, मान तिरकी करून बोलायचा. हा गडी मात्र खुशाल विचारत होता, जणू साहेब बाहेर गाडी लावून आत येतच आहेत. बाईंना ते इतकं बरं वाटलं, की खरं सांगणं त्यांच्या जिवावर आलं.

आता आली का पंचाईत! अंगणात गवत गुडघ्याला लागत होतं. "आई, तुला झेपत नाहीये. घर विकून टाकू, तू इकडे ये," असं मुलगा फोनवर म्हणाला होता. "रविवारी येऊन अंगण बघ आणि मग बोल," असं बाईंनी त्याला ठणकावलं होतं. म्हणजे मशीन हवं होतं ते त्यांना स्वतःला चालवता येईल असं. आणि दुकानदार तर साहेबांच्या मापाचं काढायला निघाला होता.

त्याने एक लालभडक धूड पुढे ओढलं. "हे घ्या. पेट्रोलवरचं. दोरी खेचली की सुरू. पुरुषमाणसाला जरा आवाज लागतोच, काय?"

बाईंनी दोरीची मूठ हळूच ओढून पाहिली. ती जागची हलली नाही.

"त्यांचा खांदा धरलाय हो. खेचवायचं नाही."

"मग हे बटणावरचं. वजनाला आहे थोडं, पण साहेबांना त्याचं काय!"

"कंबर," बाई घाईघाईने म्हणाल्या. "कंबरही दुखते त्यांची. आणि अंगणाला चढ आहे. चढावर धाप लागते."

ज्या माणसाने जन्मात कधी सर्दीची गोळी घेतली नाही, जो गेला तोही चहाचा कप हातात घेऊन, ताठ बसल्या बसल्या, त्याच्या माथी बाई आपली एकेक दुखणी बिनदिक्कत मारत होत्या. बिचारा नाही म्हणायला तरी कुठे होता.

दुकानदाराचा चेहरा उतरला. "फारच थकलेत की साहेब."

"हो ना. पण कुणाला सांगतील तर शपथ. एकटेच सोसतात."

हे बोलून गेल्यावर मात्र त्यांना कसंनुसं झालं. त्या खिडकीपाशी गेल्या आणि उगाचच एका झारीची किंमत विचारून आल्या.

तोवर त्याने आतून बॅटरीवर चालणारा छोटा मोवर काढून आणला होता. सोबत कुंपणाच्या कडेसाठी लांब दांड्याचा कटर. "कडेला मोवर पोचत नाही, तिथं हा. याला पातं नाही, नायलॉनची दोरी गरगर फिरते. दगडाला लागून झिजली तर नवी घालायची, झालं."

बाईंनी कटर उचलला. मनगट थोडं थरथरलं, पण तो उचलला गेला. मोवर त्यांनी फरशीवरून पुढे नेला, मागे आणला. नातवंडाची बाबागाडी ढकलावी इतक्या सहज तो सरकत होता. हायसं वाटलं त्यांना.

"दगा नाही ना देणार?"

"काकू, नीट ठेवलात तर काही होत नाही त्याला. एवढ्यात बंद पडायचा नाही."

"असं सगळ्यांविषयीच वाटतं," बाई म्हणाल्या आणि लगेच पर्स उघडू लागल्या. "दोन्ही द्या."

"त्यापेक्षा साहेबांनाच एकदा घेऊन या ना. हातात धरून बघतील."

"ते कुठे बाहेर पडतात आता."

दुकानदाराने मान डोलावली आणि पाना घेऊन तो उकिडवा बसला. "निदान हँडलची उंची तरी लावून देतो. ती चुकली की ढकलणाऱ्याची पाठ कामातून जाते. साहेब किती उंच आहेत?"

बाईंचा हात आपसूक वर गेला. डोक्याच्याही वर गेला आणि एका जागी थांबला, तळवा खाली करून. ती जागा त्यांना शोधावी लागली नाही. हाताखाली काही नव्हतं, पंख्याचा वारा तेवढा लागत होता. बाईंना वाटलं, आता आपल्याला रडू फुटणार, तेही अशा दुकानात, पाइप आणि खतांच्या पोत्यांमध्ये.

"अरे वा, चांगले उंचपुरे आहेत की!" दुकानदाराने खिट्टी सैल केली आणि हँडल वर सरकवलं.

बाईंनी हात खाली घेतला आणि स्वतःच्या कमरेशी धरला.

"नको. एवढंच ठेवा."

"अहो काकू, मग साहेबांना वाकावं लागेल."

"वाकू देत," बाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मीच टाचा उंचावतेय."

दुकानदार खो खो हसला. बाईही हसल्या, आणि साहेबांना राग तर आला नाही ना हे बघायला सवयीने शेजारी वळल्या.