परतीचं पाणी

“ताई, परतीचं पाणी तासभर चौतीसच दाखवतंय,” बळवंतराव म्हणाले. “इतकं शहाणं पाणी मी तीस वर्षांत बघितलं नाही.”

निरुपमा हसली. मीटर नवीन आहे काका, जुन्या काट्यासारखं थरथरत नाही, असं सांगून तिने लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. तिचं लक्ष फोनकडे होतं. निजामपुऱ्यातल्या पाळणाघरातून दोनदा फोन आला होता. दीड वर्षाच्या नीराला ताप चढत होता.

बडोद्याजवळच्या नंदेसरीतला तो रंगद्रव्यांचा कारखाना. रिॲक्टरच्या बंद भांड्याभोवती थंड पाणी फिरायचं आणि आतली उष्णता घेऊन परतायचं. जाताना किती थंड, येताना किती गरम, एकूण किती वाहिलं, यावरून मीटर उष्णतेचं गणित करायचं. उष्णता एकाएकी वाढली, की बळवंतरावांनी आत कच्चा माल सोडणं थांबवायचं. रिॲक्टरच्या आतला तापमापक दुरुस्तीला गेला होता. तोवर सगळी भिस्त तिने लावलेल्या या मीटरवर.

नीराचा ताप चार दिवस उतरला नाही. निरुपमा दर अर्ध्या तासाने तिच्या काखेत तापमापक लावायची. अगं, पोरीला झोपू तरी दे, म्हणून सासूबाई वैतागल्या. त्याच दिवसांत तिच्या मीटर कंपनीतून मुकुंद फिटरचा फोन आला. आणखी दोन मीटर निघायची होती, सेटिंग कोण करणार? तिने घरूनच नंदेसरीच्या मीटरची फाइल पाठवली. हे पास झालेलं आहे, दोन्हींत हेच भर, म्हणाली.

नवव्या दिवशी भर दुपारी रिॲक्टरचं झाकण उडालं. बळवंतराव मानेपासून कमरेपर्यंत भाजले. मीटर चौतीसच दाखवत होतं, एवढंच ते चौकशीला आलेल्यांना सांगत राहिले. पाणी तर उकळत होतं, मग मीटर चौतीस कसं दाखवेल? माणूस ग्लानीत बरळतोय, असं सगळ्यांनी धरलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. ऑपरेटरला डुलकी लागली असावी, असं अहवालात आलं.

मीटर बरोबर होतं, एवढं लिहून सही करायला निरुपमाला बोलावलं. सहीआधी तिने लॅपटॉप जोडला. सेटिंगला कुलूप होतं, पासवर्ड तिच्या एकटीकडे. ओळी उघडल्या. प्रवाह: चालू. जाणारं पाणी: सेन्सर. परतीचं पाणी: स्थिर, ३४.

तो आकडा तिचाच होता. सेन्सर नसताना टेबलावर गणित तपासायला तिने दोन्ही तापमानं हाताने भरली होती. जागेवर आल्यावर ती बदलून सेन्सरवर टाकायची असतात. पहिलं तिने बदललं. मग फोन वाजला.

तिच्या कंपनीचे साहेब मागेच उभे होते. त्यांनीही वाचलं.

“सही करून टाक. तुला लहान पोर आहे.”

“त्यांनी मला सांगितलं होतं, साहेब,” ती म्हणाली. “मी हसले होते.”

तिने सही केली नाही. जे झालं ते चार ओळींत लिहून दिलं. नोकरी त्याच आठवड्यात गेली. बळवंतरावांच्या नावावरची डुलकी पुसली गेली, पण त्यांच्या बायकोने दार उघडलं नाही.

मुकुंदने बाकीच्या दोन मीटरांपैकी एक गोदामातच अडवलं. दुसरं एका व्यापाऱ्यामार्फत निघून गेलं होतं. नंदेसरीतच कुठेतरी गेलं, यापलीकडे व्यापारी बोलत नाही. गिऱ्हाईक तुटेल म्हणतो. निरुपमाने अर्ज केले. पोच मिळाली. आता ती नीराला कडेवर घेऊन पाळी सुटताना एकेका फाटकाशी उभी राहते आणि बाहेर पडणाऱ्यांना विचारते, तुमच्याकडे परतीचं पाणी सारखं चौतीसच दाखवतं का? बेन, बाजूला व्हा, म्हणून रखवालदार तिला हटवतात.

ते मीटर कुठेतरी चालू आहे आणि त्याच्यावर विश्वास टाकून कोणीतरी समोर उभं आहे. त्याचं नाव तिला माहीत नाही. तुम्हाला असेल. तुमच्या घरचं, शेजारचं कोणी नंदेसरीत रिॲक्टरवर कामाला असेल, तर वाचणं इथेच थांबवा आणि त्याला फोन लावा.