बेटाचा बेत

दोघांच्या कयाकमधून जवळच्या बेटावर जायचं आणि रात्र तंबूत काढायची, असा नात आणि आजोबांचा बेत होता. घोडं अडलं होतं आजीच्या परवानगीपाशी. आजोबांनी आधी नातीची तोंडी परीक्षा घेतली.

"ओहोटीला निघालो तर?"

"चिखलातून कयाक खांद्यावर न्यावी लागेल. तुमच्या."

"तंबू कुठे लावायचा?"

"भरतीचं पाणी पोचतं, त्याच्या बरंच वर."

"आणि वारा फिरला तर?"

"निमूट बेटावर थांबायचं. आगाऊपणा करायचा नाही."

"पैकीच्या पैकी! थांब, आजीला पटवून येतो."

आजोबा आत गेले आणि पडलेल्या चेहऱ्यानं परतले.

"नाही म्हणाली?"

"'पोर शहाणी आहे, जाऊ दे तिला,' म्हणाली. आता तू आत जा आणि माझी परवानगी काढून आण."