शेजारधर्म

अकोट रोडवरच्या त्या गावात अंगणवाडीच्या भिंतीला लागूनच गॅस सिलिंडरचं गोदाम होतं. सेविका ज्योत्स्नाबाईंचा जीव कायम टांगणीला. ग्रामपंचायतीत त्यांचा एकच धोशा, "आमच्या अंगणवाडीलेबी दवाखान्यासारखी अत्यावश्यक जागा म्हना!" अशा जागेशेजारी गोदाम चालत नाही, हा नियम त्यांना पाठ होता. तालुक्याचे साहेब येऊन पाहून गेले आणि अखेर मंजुरी मिळाली. बाईंनी हौसेनं पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले.

दुसऱ्याच दिवशी अंगणवाडीच्या दारात ट्रॅक्टर थांबला.

"गोदाम तिकडे हाय, भाऊ," बाई हसून म्हणाल्या.


"मालूम हाय. त्याच्या शेजारी अत्यावश्यक जागा चालत नाही म्हन्ते," असं म्हणत ड्रायव्हर पोरांच्या खुर्च्या ट्रॉलीत भरू लागला.