मूठभर मटार

शालनबाईंच्या मनगटावरचा पट्टा पुन्हा कुर्र वाजला.

"अरे, उपदेश कुठे करतेय मी? रोज लवकर उठून फिरून ये, एवढंच तर म्हणाले!" त्या पट्ट्यावरच डाफरल्या.

पट्टा आणखी जोरात वाजला.

समोर निनाद मान खाली घालून बसला होता. त्याचं मन पार खचल्याचं त्याच्या पट्ट्याने तासाभरापूर्वी ओळखलं आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या जवळच्या शेजाऱ्याला बोलावलं. आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या शालनबाई, हातातल्या मटारच्या पिशवीसकट. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंना प्रशिक्षणातलं सगळं जमलं होतं. गप्प बसणं तेवढं राहिलं होतं.

शेवटी त्या परात पुढे ओढून मुकाट्याने मटार सोलू लागल्या. जरा वेळाने निनादनेही एक शेंग उचलली.

"काकू, जगावंसंच वाटत नाही हो."

बाईंच्या ओठांवर दहा वाक्यं आली. त्यांनी झटकन मूठभर मटार तोंडात कोंबले आणि त्याचा हात घट्ट धरला.

निनाद बोलत गेला. नोकरीचं, झोपेचं, आईला न सांगितलेलं. बाईंची मूठ मधूनमधून परातीत जात राहिली. बोलून झाल्यावर त्याने वर पाहिलं. बाईंचे दोन्ही गाल टम्म फुगलेले. किती दिवसांनी त्याला हसू फुटलं.

डोळे पुसत तो म्हणाला, "मी डॉक्टरांना भेटतो. तुम्ही याल बरोबर?"

हेच सांगायला बाई तासभर तडफडत होत्या! पट्टा गप्प होता आणि बाईंचा एक पाय चपलेत गेलासुद्धा होता.