कारोतीदा

डॉक्टरांनी स्वतःच्या जबड्याखाली बोट टेकवून दाखवलं. "इथून मेंदूला रक्त जातं. ही डावी कारोतीदा. हीच तुंबली."

पोलिक्सेनी खाटेकडे बघत होती. तिचा नवरा थ्रासीवुलोस उशांना टेकून बसला होता. यानिना शहरातल्या शाळेत जन्मभर प्राचीन ग्रीक शिकवलेला माणूस. झटका आल्यापासून त्याच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं.

"आपण बोलतो ते कळतं का हो त्याला?"

"आत्ताच सांगता येत नाही, बाई. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी."

डॉक्टर गेले. मसुराचं सूप आलं. तिने त्याच्या गळ्याशी रुमाल खोचला आणि चमच्याने भरवायला घेतलं.

बोलायचं तरी काय? घरात बोलायचा तो. मीठ मागितलं तर आधी मिठाचा शब्द कुठून आला ते ऐकायचं, मग मीठ हातात पडायचं. 'पुरे कर रे बाबा, जेवण निवतंय,' असं म्हणता म्हणता तिचे केस पिकले होते.

"ऐकलंस ना? कारोतीदा म्हणे," ती म्हणाली. "कुठून आला रे हा शब्द? सांग की. आज नाही म्हणणार पुरे."

त्याने चमच्याकडे पाहिलं.

तिला उत्तर पाठ होतं. कारोस म्हणजे गुंगी, जड झोप. ती नस दाबली की माणूस गुंगीत जातो असं जुन्या वैद्यांना वाटायचं, म्हणून कारोतीदा. एका ईस्टरला तिच्या भावाने, हा शब्द कारोतोवरून, म्हणजे गाजरावरून आला, असं ठोकून दिलं होतं. थ्रासीवुलोस ताटावरून उठला, जाडजूड कोश घेऊन आला आणि कोकराचं मटण पार गार होईपर्यंत भांडला.

तिने चमचा वाडग्यात ठेवला. त्याच्या कानाशी वाकली.

"मीच सांगते मग. कारोतोवरून आला. गाजरासारखी दिसते ना ती नस, म्हणून."

ती थांबली. त्याच्या भुवया न्याहाळत राहिली.

"गाजरावरून, थ्रासो! ऐकतोयस ना?" तिचा आवाज चिरकला. "अरे, चीड की मेल्या!"

त्याने शहाण्या मुलासारखी मान डोलावली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.