गेटवे बदलतोय

काका भिंतीलगतच्या आरामखुर्चीत बसले, की त्यांच्या मोबाइलवरचं नेट हमखास मान टाकायचं. त्यांनी फोनवरून कंपनीला फैलावर घेतलं, तेव्हा कुठे दुरुस्तीसाठी एक मुलगी आली.

"काका, तुमचा गेटवे बदलतोय," ती म्हणाली. "गेटवे म्हणजे नेटचं दार. इथे बसलात, की तुमचा मोबाइल घरचं वायफाय सोडून शेजारच्यांचं पकडतो आणि त्या अदलाबदलीत नेट तुटतं."

"त्या माणसाचं?" काका उसळले. "पार्किंगवरून भांडण झाल्यापासून मी त्याच्या घरात पाऊल टाकलेलं नाही!"

"पण त्यांचा पासवर्ड एकदा तरी घातल्याशिवाय मोबाइल तिकडे वळत नाही, काका."

काका मोबाइल खिशात कोंबू लागले. काकूंना मात्र हसू आवरेना. "तरीच! रोज तासभर फिरून येता आणि बुटांना धुळीचा कण नसतो. पत्ते कुटत बसता ना तिकडे?"

"काकू, तुमचाही मोबाइल द्या, बघून घेते," मुलगी म्हणाली.



"नको गं," काकू घाईघाईनं बोलून गेल्या, "माझं नेट दोन्ही घरांत छान चालतं!"