कोकमाचा रंग

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी सुलक्षणाबाईंनी दारावर पाटी लावली, ‘कृपया लेन्स काढून चित्रे पाहावीत.’ तरी कोणी काढीना. लेन्स ज्याला त्याला त्याच्या आवडीचे रंग दाखवायची, मग कोण कशाला काढतंय.

“तुमचा हा निळा फार सुरेख आहे,” एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या बायकोला तोच गुलाबी दिसत होता.

“मग आठ महिने मी काय झक मारली?” सुलक्षणाबाई फणकारल्या. उन्हात वाळत घातलेल्या कोकमांचा जांभळट तांबडा रंग साधायला त्यांनी तेवढा वेळ घालवला होता.

“लेन्स काढली की डोकं धरतं हो,” गृहस्थ म्हणाले आणि पुढे सरकले.

दुपारी काठी टेकत बाईंचे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक परुळेकर सर आले. त्यांनी मुकाट्याने लेन्स काढून डबीत ठेवल्या आणि कोकमांच्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. चला, एकाने तरी पाहिलं, असं बाईंना वाटलं.

“सगळीकडे करडाच का गं वापरलास?” सरांनी विचारलं.

“करडा? सर, तो कोकमाचा रंग आहे.”

बाई चित्राजवळ गेल्या. रंग चांगला जांभळट तांबडा होता. काम करताना त्यांनी कधी लेन्स घातली नव्हती. मग त्यांना गेल्या वर्षीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवलं. तेव्हा डोळ्यांत कायमची बसवलेली लेन्स साधीच आहे ना, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

त्यांनी पदर हातात घेतला.

“सर,” त्या म्हणाल्या, “मी नेसलेय ती साडी कुठल्या रंगाची आहे?”